व्हर्सायच्या गर्दीत एकटीनं

गोठ्यात असाल, शेतात असाल, गिरणीच्या रांगेत असाल, आहात तिथूनच ऐका. आज आमच्या बचत गटाच्या वतीनं आम्ही एका सहलीची गोष्ट सांगणार आहोत. सहल एका दिवसाची, एकटीची, आणि थेट फ्रान्स देशातली.

आमच्या गटातल्या एक ताई लेकीच्या बाळंतपणाला पॅरिसला गेल्या होत्या. परत यायच्या आधी त्यांना व्हर्सायचा राजवाडा बघायचा होता. लेकीजवळ तान्हं बाळ, जावयांना सुटी नाही. ताई म्हणाल्या, "मग मी एकटी जाते." लेक घाबरली. भाषा येत नाही, गर्दी तर केवढी! वर्षाला सत्तर-ऐंशी लाख माणसं तो वाडा बघायला येतात. ताई म्हणाल्या, "आषाढीला पंढरपूरची दर्शनबारी काढलेली बाई आहे मी. गर्दीचं मला काय सांगतेस?"

ताई परत आल्यावर गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, हिशेब लिहून झाला, आणि मग आम्ही दोन तास त्यांना सोडलं नाही. त्यातलं निवडक तुमच्यासाठी.

आधी तयारीचं सांगतो, कारण आपल्यातल्या कितीतरी जणींची मुलं आता परगावी, परदेशी आहेत. व्हर्सायचा वाडा सोमवारी बंद असतो, म्हणून वार बघून निघायचं. तिकीट आधीच काढायचं, त्यावर आत जायची वेळ छापलेली असते. लेकीनं एका कागदावर घरचा पत्ता आणि फोन नंबर फ्रेंचमध्ये लिहून दिला. स्टेशनाचं नावही लिहून दिलं, कारण व्हर्साय नावाची स्टेशनं एकाहून जास्त आहेत. वाड्याजवळचं स्टेशन म्हणजे 'व्हर्साय शातो रीव्ह गोश'. ताईंना ती अक्षरं वाचता येत नव्हती. त्यांनी कागद हातात धरला आणि फलाटावरच्या पाटीशी एकेक अक्षर जुळवून पाहिलं. पासपोर्टची झेरॉक्स आणि पैसे आतल्या पिशवीत ठेवले, कारण गर्दीत खिसेकापू तिकडेही असतात. पाण्याची बाटली घेतली, पायात रोजच्या सवयीच्या चपला घातल्या. गाडी सी लाइनची. शेवटच्या स्टेशनावर उतरून दहा मिनिटं चाललं की वाडा.

दारात पिशव्यांची तपासणी, मग रांग. ताई सांगत होत्या, "पुढचा सरकला की आपण सरकायचं. घाई करणारा आणि सावकाश जाणारा, दोघं एकाच वेळी आत पोचतात."

हा वाडा चौदाव्या लुई राजानं वाढवला आणि १६८२ साली सगळा दरबार इथं आणला. त्यातला आरसेमहाल जगात प्रसिद्ध आहे. लांबी ७३ मीटर, आरसे ३५७. त्या काळी एवढे मोठे आरसे म्हणजे सोन्यासारखा खर्च. पण ताईंना आरशात स्वतःचं तोंड काही दिसलं नाही. समोर नुसते वर केलेले हात आणि हातात मोबाइल. त्यांनी काय केलं, तर खिडकीच्या कडेला गेल्या आणि मान वर करून छत बघितलं. वर कोणाची गर्दी नव्हती.

पण ताई ज्यासाठी गेल्या होत्या ते पुढं होतं. आदल्या रात्री लेकीनं त्यांना एक गोष्ट सांगितली होती. राणीच्या निजायच्या खोलीत पलंगाच्या डाव्या अंगाला भिंतीत एक दार आहे. भिंतीला जे कापड, तेच दाराला, म्हणून पटकन दिसत नाही. ताईंनी ते शोधून काढलं. या दारातून मारी आंत्वानेत राणी पहाटे जीव घेऊन पळाली होती. आणि मैत्रिणींनो, ती पहाट उजाडली होती बायकांच्या मोर्चामुळं.

साल १७८९. आदल्या वर्षी फ्रान्समध्ये गारपिटीनं उभं पीक झोपलं, मग हिवाळाही कडक पडला. पाव महागला. मजुराची निम्म्याहून जास्त कमाई नुसत्या पावात जायची. पॅरिसमध्ये भट्ट्यांसमोर रांगा लागत, आणि रांगेत पुष्कळ बायका असत. त्यातच बातमी आली की व्हर्सायला लष्करी अधिकाऱ्यांना मोठी मेजवानी झाली. ५ ऑक्टोबरला सकाळी बाजारातल्या बायका जमल्या. मासे विकणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या. ढोल वाजला. आधी नगरभवनावर गेल्या, तिथून हत्यारं घेतली, तोफासुद्धा ओढल्या, आणि भर पावसात व्हर्सायला चालत निघाल्या. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. हजारो बायका, चिखलानं माखलेल्या.

व्हर्सायला पोचल्यावर त्या राष्ट्रीय सभेत शिरल्या आणि ओल्या कपड्यांनिशी सभासदांच्या बाकांवर बसल्या. काही जणींना राजाला भेटू दिलं. बोलण्यासाठी पुढं केलेली मुलगी राजासमोर चक्कर येऊन पडली. राजानं पॅरिसला धान्य पाठवायचं कबूल केलं. पण नुसत्या शब्दावर सगळ्या परत फिरल्या नाहीत. पहाटे जमाव वाड्यात घुसला. पहारेकरी मारले गेले. रक्त सांडलं, हे आम्ही झाकत नाही. दिवस वर आल्यावर राणीला सज्जात यावं लागलं, तेही एकटीला, खाली सगळा जमाव बघत असताना. दुपारी राजा-राणी आणि त्यांची मुलं यांना घेऊन जमाव पॅरिसला निघाला. सोबत पिठाच्या गाड्या. राजघराणं त्या वाड्यात राहायला पुन्हा कधी आलं नाही.

"पाव नाही तर केक खा" असं ही राणी म्हणाली, असं सगळीकडे सांगतात. तिनं तसं म्हटल्याचा काही पुरावा नाही. जी गोष्ट नक्की घडली, ती बायकांच्या मोर्चाची, आणि ती कमी जणांना ठाऊक असते. ताई सज्जाखालच्या अंगणात काळ्या-पांढऱ्या संगमरवरी फरशीवर बराच वेळ उभ्या राहिल्या. आजूबाजूला फोटो चालले होते. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, रेशनच्या दुकानासमोर उभी राहिलेली प्रत्येक बाई इथं येऊन गेलीय."

हे ऐकून आमच्यातल्या एका आजींना मुंबईचा लाटणे मोर्चा आठवला. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात तेल, साखर, धान्य, सगळंच महाग झालं. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. देश वेगळा, काळ वेगळा, पण पोळपाट रिकामा पडला की बाई घराबाहेर पडते.

आता खरा मुद्दा. त्या फ्रेंच बायकांना पुढं काय मिळालं? १७९१ मध्ये ओलँप द गूज या बाईंनी स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. १७९३ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षी बायकांच्या राजकीय मंडळांवर बंदी आली. फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला १९४४ साली. म्हणजे राजाला वाड्यातून बाहेर काढल्यावर दीडशेहून जास्त वर्षांनी. आपल्या देशात मात्र १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत बायकांनी मतदान केलं.

मोर्चात बायका पुढं असतात. निर्णय घ्यायची वेळ आली की मागं बसवल्या जातात. आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायचा नियम आहे. तरी किती गावांत ती खरोखर भरते, आणि किती ठिकाणी नुसत्या सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

म्हणून या महिन्याच्या गटाच्या बैठकीत तीन प्रश्न घ्या. आपल्या गावात मागची महिला ग्रामसभा कधी झाली? त्यात बोललं कोण? आणि बोललेलं ठरावाच्या वहीत उतरलं का? ग्रामपंचायतीत जाऊन वही बघायला मागा. एकटीनं गेलात तरी चालेल. आमच्या ताई तर पाटीवरची अक्षरं जुळवत जुळवत राजवाडा बघून आल्या. आपली वही मराठीतच आहे.

तुमची उत्तरं केंद्रावर कळवा, पुढच्या वेळी आम्ही ती वाचून दाखवू.