एक इंजिन, अनेक डबे



रेशनच्या रांगेत तास गेला आणि आतून ‘सर्व्हर बंद आहे’ असे उत्तर आले, हा अनुभव आपणांस नवा नाही. अशा सर्व्हरच्या पोटात आजकाल काय चालते, ते कामगारानेही समजून घ्यावे असे आम्हांस वाटते.

2013 साली ‘डॉकर’ आले आणि एकाच यंत्रावर एका प्रोग्रामच्या चार-दहा प्रती, प्रत्येक आपापल्या बंद डब्यात, चालविणे सोपे झाले. मुदखेड जंक्शनच्या लोकांना डबा समजावून सांगावयास नको. दार वेगळे, सामान वेगळे. इंजिन मात्र सर्वांना एकच. ते इंजिन म्हणजे लिनक्सचा गाभा.

तंटा आहे तो वाटणीचा. डॉकर आपण होऊन डब्याच्या मेमरीला मर्यादा घालीत नाही. एक डबा फुगत गेला की यंत्राची मेमरी संपते आणि गाभा कोणत्यातरी कामाचा बळी घेतो. तो दोषीच असेल असे नाही. (कारखान्यातल्या कपातीची आठवण व्हावी असा हा न्याय!) मर्यादा घातली तर फुगणारा डबाच थांबतो, शेजारी वाचतो. ही सोय लिनक्समध्ये 2008 पासून आहे, वापरणारा हवा.

आता, चार प्रती म्हणजे चौपट भरवसा, हे आम्ही मानीत नाही. पुढे काम वाटणारा मुकादम असेल तर एक प्रत कोलमडल्यावर उरलेल्या तिघी ते उचलतील, हे खरे. पण वीज गेली किंवा गाभाच अडला, तर चारही एकदम थांबतात. त्या निदान दोन यंत्रांवर विभागल्या पाहिजेत, आणि दुसऱ्या यंत्राला पैसे पडतात.