आधी छप्पर, मग गाडी

जळाऊ आणि इमारती लाकडाची छोटी वखार काढू पाहणाऱ्याचं लक्ष पहिल्यांदा जातं ते गाडीकडे. पिकअप की ट्रॅक्टर-ट्रॉली, नवी की जुनी, हप्ता किती, यावरच घरात चर्चा रंगते. गाडी डोळ्यांत भरते, कर्जाला तारण म्हणून चालते आणि दारात उभी राहिली की धंदा सुरू झाल्यासारखा वाटतो. माझं म्हणणं असं, की कोकणासारख्या पावसाळी मुलखात हा क्रम उलटा हवा. आधी लाकूड कापण्या-फोडण्याची आणि वाळवण्याची सोय, मग चिरकामाचा विचार, आणि स्वतःची गाडी सर्वांत शेवटी.

कारण लाकडाच्या वजनात आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मं पाणी असतं. जातीप्रमाणे ते कमीजास्त होतं. म्हणजे १० टन ओला माल आणला तर ५ टन लाकूड आणि ५ टन पाणी. तेच लाकूड वाळून ओलावा २० टक्क्यांवर आला की सगळा माल सव्वासहा टन भरतो. ऐन, किंजळ, आकेशिया असं जड लाकूड भरताना हौदा भरण्याआधीच गाडीची वजनाची मर्यादा संपते. तिथे ओल्या मालाला ८ खेपा लागत असतील, तर वाळलेल्याला ५ पुरतात. डिझेल, चालकाचा पगार, भरण्या-उतरवण्याची हमाली, घाटरस्त्यावर झिजणारे टायर, या सगळ्यांत तो फरक दिसतो.

वाळवायला भट्टी लागत नाही. लाकडातलं पाणी मुख्यतः रेषांच्या दिशेने, कापलेल्या टोकांतून बाहेर पडतं आणि साल त्याला अडवते. म्हणून अख्खा ओंडका महिनोन्‌महिने ओला राहतो. दीड फुटाचे तुकडे करून उभे फोडले की तेच लाकूड कितीतरी लवकर सुकतं. तेव्हा पहिली खरेदी चांगल्या चेनसॉची, आणि तिच्याबरोबरच हेल्मेट, डोळ्यांपुढची जाळी आणि पायांच्या संरक्षक पोशाखाची. दुसरी खरेदी हायड्रॉलिक दट्ट्याने ओंडका पाचरीवर दाबून फोडणाऱ्या यंत्राची. तिसरी छपराची, त्याला बाजूच्या भिंती नकोत, वारा खेळायला हवा आणि थप्पी जमिनीपासून वीतभर उचललेली हवी. दिवाळीनंतर तोड, तुकडे जागेवरच थप्पीला, मार्चपासून वाहतूक आणि पावसाआधी सगळा माल छपराखाली, असं वेळापत्रक सांभाळलं तर वाळवणीचा बराचसा खर्च ऊन-वाराच उचलतात.

यावर वखारवाले विचारतील, सरपण तर वजनावर विकलं जातं, मग वजन घटवून आम्ही मिळवायचं काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबच करू. १० टनांचे सव्वासहा टन झाले, तर तेवढेच पैसे हाती यायला किलोमागे १.६ पट भाव मिळाला पाहिजे. आता गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहा. किलोभर ओल्या लाकडात जळणारा भाग अर्धाच, आणि त्याचीही काही उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. त्यामुळे २० टक्के ओलाव्याचं लाकूड किलोमागे सुमारे पावणेदोन पट उष्णता देतं. म्हणजे १.६ पट भाव देऊनही ढाबेवाला किंवा लग्नाचा आचारी फायद्यात राहतो आणि वखारीचा वाहतूकखर्च वाचतो तो वेगळाच. नुसता स्वस्त किलो पाहणाऱ्याला हे पटणार नाही, हे मान्य. रोज चूल पेटवणाऱ्याला पटवायचं, तर ओलावा मोजायचं हातातलं यंत्र आणि खरा वजनकाटा वखारीत हवा.

दुसरा आक्षेप असा, की ऐन हंगामात भाड्याची गाडी मिळत नाही. खरं आहे, मे महिन्यात सगळ्यांचीच पावसाळ्याची बेगमी चाललेली असते. पण ज्याच्याकडे छप्पर आहे, त्याला मेची वाट पाहावी लागत नाही. तो मार्च-एप्रिलमध्येच माल आणून ठेवतो. उलट स्वतःची गाडी जून ते सप्टेंबर बहुतेक उभीच राहते, कारण रानवाटांवर चाक रुततं. हप्ता मात्र बाराही महिने जातो. बारा महिन्यांचा हप्ता आठ महिन्यांच्या कामावर चढवला की बोजा दीडपट होतो.

इमारती लाकडालाही हाच विचार लागू पडतो, फक्त तिथे नासाडी पाण्याऐवजी भुशाची. गोल करवतीचा काप साधारण ५ मिलिमीटर लाकूड खातो, पट्टा करवतीचा २ मिलिमीटरच्या आसपास. २५ मिलिमीटरच्या फळ्या काढताना ३०० मिलिमीटर लाकडातून पहिलीवर १० फळ्या निघतात, दुसरीवर ११. अर्थात आरा गिरणीला वन खात्याचा परवाना लागतो, आणि जंगल वाचवण्याविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून दिलेल्या आदेशांनंतर नवा परवाना सहज मिळत नाही. छोट्या वखारीने परवानाधारक गिरणीतूनच माल चिरून घ्यावा; गिरणी निवडताना मात्र तिथली करवत पाहावी.

सर्वांत वजनदार आक्षेप शेवटचा: सरपणाचा धंदाच आटत असेल, तर यंत्रं कशाला? मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनाकडे वळायला सांगितलं. ही दिशा बदलेल असं समजण्यात अर्थ नाही. म्हणूनच एका प्रकारच्या गिऱ्हाइकावर विसंबून गाडीचं मोठं कर्ज काढू नये. चेनसॉ बागांच्या छाटणीलाही चालते आणि छपराखाली सरपणाच्या जागी फळ्या वाळवता येतात. बाजार फिरला तरी ही गुंतवणूक बाद होत नाही.

गाडी कधीच घेऊ नये, असं मी म्हणत नाही. पहिलं वर्ष भाड्याच्या गाडीवर काढावं आणि प्रत्येक पावती जपून ठेवावी. वर्षाचं भाडं हप्ता, विमा, चालक, टायर आणि दुरुस्ती यांच्या बेरजेपेक्षा जास्त निघालं, तर खुशाल कर्जाचा अर्ज भरावा. कमी निघालं, तर तेच पैसे छप्पर वाढवायला लावावेत.