उपटण्याआधी लिहा

 

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, माझी सगळी नोकरी ज्वारीच्या पैदाशीच्या प्लॉटात गेली. पण पहिला धडा वाटाण्याचा. प्रात्यक्षिकात गोल आणि सुरकुतलेले दाणे मोजायचे, तीनास एक पडतात का बघायचं. माझे पडेनात. चार दाणे खिशात टाकले आणि वहीत ७५ व २५ लिहून मोकळा झालो. सरांनी पान बघितलं. म्हणाले, "मेंडेलला जे जमलं नाही, ते तुला बरं जमलं!"

मेंडेलनं १८५६ पासून आठ वर्षं ब्रनोच्या मठात वाटाणे लावले. पहिल्या संकरित पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती गेली, असं कुणीही म्हटलं असतं. दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. म्हणजे गुण एकमेकांत विरघळत नाहीत, दडून बसतात. हे १८६६ मध्ये छापून आलं आणि जगाला उमगलं १९०० साली. बढतीची फाईल अडली की हे आठवा, मी अनेकदा आठवलंय.

माझी मुलगी आयर्लंडात मेयो परगण्यातल्या कासलबारला असते. जवळच टर्लॉकला जुन्या ग्रामजीवनाचं संग्रहालय आहे. तिथली अवजारं बघताना मला बटाट्याचा इतिहास आठवला. त्या मेयो परगण्यातली गरीब माणसं 'लंपर' या एका वाणावर जगत. बटाटा लावायचा तो कंदानं, म्हणून प्रत्येक झाड आधीच्याची हुबेहूब नक्कल. दडलेलं वर यायला दुसरी पिढीच नाही. १८४५ मध्ये करपा आला तेव्हा तग धरणारं वेगळं झाड शेतात नव्हतंच. पुढच्या काही वर्षांत देशात सुमारे दहा लाख माणसं गेली.

तिथं मला माझंच एक झाड आठवलं. अवर्षणाचं वर्ष, प्लॉट करपलेला, एकच ताट हिरवंगार. मी टॅग बांधला आणि गावी गेलो. इकडे वरिष्ठांचा दौरा ठरला. हुकूम सुटला, 'भेसळ काढा, प्लॉट एकसारखा दिसला पाहिजे.' परतलो तर टॅग बांधावर आणि ताट बैलाच्या पोटात. साहेबांवर मी वर्षानुवर्षं चिडलो. पण वहीत नोंद कुणी केली नव्हती? मीच.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये 'पटेल-३' धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या भेसळ म्हणून फेकल्या नाहीत, जपून वेगळ्या लावल्या. त्यातून घड्याळाच्या नावाचा एचएमटी तांदूळ निघाला. त्यांच्याजवळ पदवी नव्हती. पदवीवाल्यांनी जे उपटून टाकलं असतं ते त्यांनी जपलं, याची आपल्या पेशाला लाज वाटायला हवी होती. वाटली ती उशिरा.

बीजोत्पादनात भेसळ काढावीच लागते, तिथं दयामाया नको. पण पैदाशीच्या प्लॉटात वेगळं दिसलं तर हात आवरा. आधी लिहा. रांग, झाड, तारीख.

त्या हिरव्या ताटाची रांग कितवी होती, हे मला आजही सांगता येत नाही.