काढ्यासाठी गोळी सोडू नका

आम्ही बचत गटातल्या बाया आज जरा अवघड विषयावर बोलणार आहोत. जिच्यामुळे हा विषय निघाला ती ताईच म्हणाली, "माझं नाव नको, पण गोष्ट सांगा."

ही ताई सहा वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या घेत होती. तब्येत ठणठणीत होती, गटाचा हप्ता कधी चुकला नाही. मग नात्यातल्या कुणीतरी झाडपाल्याचा काढा सुचवला. 'मुळापासून जाईल,' म्हणाले. काढा महाग. त्यासाठी तिने गटातूनच कर्ज उचललं आणि आम्ही कारणही विचारलं नाही. मग कधी गोळी, कधी नुसताच काढा. पुढच्या तपासणीत रक्तातला विषाणू वाढलेला निघाला.

असं का झालं, ते आम्ही समुपदेशक मॅडमकडून समजून घेतलं. हा विषाणू शरीरात रोज अब्जावधी नकला काढतो. आपण वहीतले आकडे पासबुकात उतरवतो, तेव्हा दुसरी बाई ते तपासते. विषाणूकडे असं तपासणारं कुणी नाही. नकलेत चुका राहतात आणि प्रत मूळच्यापेक्षा वेगळी होते. अशा एखाद्या प्रतीवर गोळी चालत नाही. गोळी रोज वेळेवर घेतली, तर नकला काढणंच थांबतं. कधी घेतली, कधी सोडली, तर गोळीला दाद न देणारा विषाणू माजतो. तोच पुढे जोडीदाराला, बाळालाही जाऊ शकतो.

"मग दोन्ही घेतलं तर?" आम्ही विचारलं. झाडपाल्यातही औषधी गुण असतात, म्हणूनच जपायचं. २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं, की लसणीच्या कॅप्सूल घेतल्यावर साक्विनाविर या एचआयव्हीच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. फोडणीतल्या लसणीला घाबरू नका. गोष्ट रोजच्या कॅप्सूलची आहे. आज आपल्याकडे बहुतेकींच्या गोळीत डोल्युटेग्राविर असतं. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या किंवा पित्ताचं औषध तिचा परिणाम कमी करू शकतं. या गोळ्या बंद करू नका. कशा आणि किती अंतराने घ्यायच्या ते केंद्रात विचारा. काढा, चूर्ण, अंगारा-धुपारा, जे काही चालू असेल ते तिथे मोकळेपणाने सांगा.

एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीच्या गोळ्या फुकट मिळू लागल्या. शंका असेल तर १०९७ वर फोन लावा, पैसे पडत नाहीत.

ताईने गोळी पुन्हा नेमाने सुरू केली. तिच्या बाबतीत जुनीच गोळी लागू पडली, विषाणू खाली आला. काढ्याच्या कर्जाचे हप्ते मात्र ती अजून फेडते आहे. आता औषधासाठी कुणी कर्ज मागितलं, तर आजाराचं नाव आम्ही विचारत नाही. एवढंच विचारतो, "ताई, डॉक्टरांना सांगितलंस ना?"