नाबाद 139

आमच्या नव्या रायपुरात शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचे भव्य क्रीडांगण आहे. 2023 च्या जानेवारीत तेथे भारत आणि न्यूझीलंड यांचा सामना झाला, तेव्हा सारे गाव तिकडे लोटले होते. मला मात्र त्या क्रीडांगणाजवळून जाताना आठवतो तो मुंबईच्या वानखेडे मैदानावरील एक सामना. मी तो पाहिलेला नाही, केवळ वाचला आहे.

1991 च्या मे महिन्यात 3 तारखेपासून 7 तारखेपर्यंत रणजी करंडकाची अंतिम झुंज झाली. तोवर तीस वेळा करंडक जिंकलेली मुंबई एका बाजूला, आणि तो एकदाही न जिंकलेला कपिल देवांचा हरियाणा दुसऱ्या बाजूला. हरियाणाने पहिल्या डावात 522 धावा केल्या. दीपक शर्मा 199 वर बाद झाले. मुंबईच्या 410 झाल्या. सामना अनिर्णित राहता तरी पहिल्या डावातील आघाडीवर करंडक हरियाणाकडेच गेला असता. तेव्हा अखेरच्या दिवशी 355 धावा करून जिंकणे, एवढा एकच मार्ग मुंबईपुढे उरला.

तीन गडी 34 धावांत परतले. मग पस्तीस वर्षांचे दिलीप वेंगसरकर आणि नुकताच अठरा पूर्ण केलेला सचिन तेंडुलकर यांनी 134 धावांची भागी केली. सचिन 96 वर गेला. विनोद कांबळीने 45 काढल्या. नववा गडी पडला तेव्हा अद्याप पन्नास धावा हव्या होत्या, आणि खेळायला आला तो उंचापुरा गोलंदाज ॲबी कुरुविला. वेंगसरकरांच्या पायांत गोळे आले होते. त्यांच्यासाठी धावत होते लालचंद राजपूत. फटका एकाचा, पाय दुसऱ्याचे! (2011 पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत असा रनर देत नाहीत.) षटकारामागून षटकार गेले. सत्तेचाळीस धावा झाल्या, तीन उरल्या. चेतन शर्मांच्या षटकात धावेसाठी गोंधळ झाला आणि कुरुविला धावबाद झाला. हरियाणा दोन धावांनी विजयी. वेंगसरकर मैदानातच रडले.

मी त्या वेळी अकरा-बारा वर्षांचा होतो. वर्तमानपत्रातील धावफलक पाहून मी वडिलांना विचारले, ‘‘बाबा, वेंगसरकर नाबाद आहेत, मग हरले कसे?’’ बाबा म्हणाले, ‘‘अरे, दुसरा बाद झाला ना!’’ माझे काही समाधान झाले नाही.

आता नोंदी ठेवणे हाच माझा व्यवसाय झाल्यावर तो फलक मी पुन्हा पाहिला. त्यात ‘धावबाद’ एवढाच शब्द आहे. हाक कोणाची, थबकला कोण, याची नोंद नाही. राजपुतांचे नाव सलामीच्या ओळीत आहे, पण त्या अखेरच्या धावेत त्यांचे पाय होते हे फलक सांगत नाही. अमेरिकेच्या बेसबॉलची तऱ्हा निराळी. तेथे बरोबरी झाली तर जादा डाव खेळतात. 1 मे 1920 रोजी बोस्टनला असा एक सामना तब्बल सव्वीस डाव चालला आणि अंधारामुळे एक-एक असा बरोबरीतच सोडावा लागला. कॅडोर आणि ओएश्गर हे दोन गोलंदाज पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत टाकीत राहिले. त्या खेळाच्या फलकात चुकांचा स्वतंत्र रकाना असतो, आणि क्षेत्ररक्षकाची चूक त्याच्या नावावर मांडली जाते. कार्यालयीन दृष्टीने ही पद्धत मला निर्दोष वाटते. तरीही त्या मे महिन्यातील संध्याकाळी असा रकाना असता तर लेखनिकाने त्यात कोणाचे नाव घातले असते, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

कुरुविला पुढे 1997 मध्ये भारताकडून कसोटी खेळला. हरियाणाला रणजी करंडक त्यानंतर पुन्हा मिळालेला नाही. आणि वेंगसरकरांच्या नावापुढे त्या फलकात अजून तेच लिहिलेले आहे : नाबाद 139.