तुटूं शकणारा दुवा

ज्या निबंधास विद्वत्परिषदेंत मान मिळतो तोच पुढें लोकमान्य होतो, असा कांहीं नियम नाहीं. सन १९९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत, सॅन अँटोनियो येथें, हायपरटेक्स्ट या विषयाची परिषद भरली होती. जिनीव्हानजीकच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेंतील टिम बर्नर्स-ली व रॉबर्ट कैयो यांनीं तिच्याकडे एक निबंध धाडला होता. परिषदेनें तो नाकारला. प्रात्यक्षिक मांडण्यापुरती अनुज्ञा मात्र मिळाली. त्या प्रात्यक्षिकांत जें दाखविलें गेलें, तेंच आज घरोघर पोंचलेलें ‘वेब’ होय.

एका लेखांतील शब्दावर बोट ठेवतांच त्यासंबंधींचा दुसरा लेख पुढें यावा, ही हायपरटेक्स्टची मूळ कल्पना. टेड नेल्सन यांनीं १९६५ मध्येंच तिला हें नांव दिलें होतें. म्हणजे तेथें जमलेल्या अभ्यासकांना ती मुळींच अपूर्व नव्हती. उलट त्यांच्या परिचयाच्या कित्येक यंत्रणा अधिक नीटनेटक्या होत्या. कांहींत दुव्यांची नोंद, स्वतंत्र वहींत असावी तशी, मध्यवर्ती ठिकाणीं राही. लेखाची जागा बदलली कीं नोंदही बदले. आपल्या लेखाकडे कोणकोण बोट दाखवितो, हें लेखकास कळावें, असाही कित्येकांचा आग्रह होता. वेबमध्यें यांतलें कांहींच नव्हतें. तिचा दुवा एकेरी, आणि तो तुटण्याचा संभव उघड उघड मान्य केलेला. जाणत्यांना हें उणें वाटावें, यांत नवल नाहीं.

परंतु हें उणें हेतुपुरस्सर ठेवलेलें होतें. एका ग्रंथालयाची सूचि एक ग्रंथपाल बिनचूक राखूं शकतो. साऱ्या जगांतील ग्रंथालयांची मिळून एकच सूचि करावयाची म्हटल्यास प्रत्येक नव्या पुस्तकासाठीं कोणाच्या तरी दारीं अर्ज घेऊन उभें राहावें लागेल. बर्नर्स-ली यांनीं तें दारच काढून टाकलें. कोणींही कोणाच्याही लेखाकडे दुवा द्यावा, विचारण्याचें कारण नाहीं; पलीकडे लेख नसेल तर ‘४०४’ हा अंक दाखवून यंत्रानें तसें सांगावें, आणि बाकीचा व्यवहार सुरळीत चालूं द्यावा. पुढें ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें वेबची मूळ प्रणाली कोणासही विनामूल्य वापरण्यास मोकळी केली. आणि मे १९९४ मध्यें वेबची स्वतःची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद सर्नमध्येंच भरली.

या स्वातंत्र्याची किंमत मात्र लहान नाहीं. प्यू या अमेरिकन संशोधनसंस्थेनें २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ सालीं वेबवर असलेल्या पानांपैकीं ३८ टक्के पानें दहा वर्षांनंतर सांपडेनाशीं झालीं होतीं. ब्रूस्टर केल यांनीं १९९६ मध्येंच इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था स्थापून अशा पानांच्या प्रती जपण्यास आरंभ केला. स्वतः बर्नर्स-ली यांनींही १९९८ मध्यें लेख लिहून बजावलें कीं, एकदां दिलेला पत्ता बदलूं नये. पत्ते आपोआप बदलत नाहींत, माणसें ते बदलतात.

तेव्हां सॅन अँटोनियोच्या अभ्यासकांस जी व्यवस्था प्रिय होती ती निरर्थक होती, असें म्हणणें न्याय्य नव्हे. दुव्यांची राखण करणारा मध्यवर्ती कारभारी वेबनें नाकारला. परंतु राखण करण्याचें काम त्यामुळें नाहींसें झालें नाहीं. तें पान लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वांट्यास आलें. आपल्याकडील जुन्या पोथ्यांपैकीं ज्यांच्या नकला कोणी आस्थेनें उतरून घेतल्या त्या टिकल्या. कितीतरी वाळवीच्या स्वाधीन झाल्या. आज जो कोणी आपल्या गांवचा इतिहास किंवा घराण्याचे कागद वेबवर ठेवतो, त्यानें हें ध्यानांत बाळगावें. लिहिण्यासाठीं त्याला कोणाची परवानगी लागली नाहीं. म्हणूनच दिलेला पत्ता स्थिर ठेवणें आणि एक प्रत अन्यत्र जपून ठेवणें, हें कर्तव्य त्याच्याकडे आलें आहे.