दवाखाना थाटण्यापूर्वी

पदवी पदरात पडली, वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळाला, आता स्वतःचा दवाखाना काढावा, असं मनात असलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागातल्या तरुण डॉक्टरांशी आज थोडं बोलायचं आहे. कायद्याचा विषय निघाला की आपण आधी करसल्लागार गाठतो. मी म्हणेन, आधी जागेचे कागद पाहा. उल्हासनगरात तर पाहाच.

याला कारण आहे. महायुद्धाच्या काळात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं तिच्या बराकींत उतरली आणि १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पत्ता सांगताना लोक अजून कॅम्पचा नंबर सांगतात. पुढे बराकींच्या जागी इमारती उठल्या, पण त्यांतल्या कितीतरी परवानगीवाचून. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि अशी बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ साली या एका शहरापुरता कायदा करावा लागला. पण कायदा झाला म्हणजे सगळ्या इमारती आपोआप नियमित झाल्या, असं नव्हे. मालक काही म्हणो, तुमच्या इमारतीचा कागद तुम्ही डोळ्यांनी पाहा. जमिनीची सनद पाहा. बांधकाम जुनं असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा, मागायला लाजू नका. मे २०२१ मध्ये याच गावात एका इमारतीच्या स्लॅब एकावर एक कोसळून सात माणसं गेली. तळमजल्यावरच्या तुमच्या गाळ्यात तर तान्ही मुलं घेऊन आया बसलेल्या असणार!

गाळा विकत घेणार असाल तर नोटरीचा शिक्का म्हणजे खरेदीखत नव्हे. दस्त दुय्यम निबंधकाकडेच नोंदला गेला पाहिजे. भाड्याने घेणार असाल तरी करार लेखी आणि नोंदलेला हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे.

नुसता तपासणीचा दवाखाना असेल तर एवढ्यावर बरंच भागतं. रोगी दाखल करून घ्यायचे म्हटलं की १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आला. उल्हासनगरात त्यासाठी महापालिकेकडे जावं लागतं. सुया, बोळे, पट्ट्या यांच्या विल्हेवाटीसाठी मात्र खाट नसली तरी २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते.

आता कर. व्यवसायकर वर्षाला २५०० रुपये. त्यात डोकं शिणवण्यासारखं काही नाही. रोग्यावरच्या उपचाराला जीएसटी नाही. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला मात्र आहे. विचार करायचा तो आयकराचा. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवून सविस्तर हिशेबातून मोकळं होण्याची सोय २०१६ च्या वित्त कायद्याने आली. रोख जमा शेकडा पाचाच्या वर जात नसेल तर ही मर्यादा ७५ लाख होते; पण आपल्याकडे फी बहुधा नोटांतच येते, तेव्हा ५० लाखच धरून चाला. सोय चांगली आहे, पण पहिल्या वर्षी ती घेण्याची घाई नको. समजा, जमा १० लाख झाली, आणि भाडं, कंपाउंडरचा पगार, यंत्रांचा घसारा, कर्जाचं व्याज यांत ७ लाख गेले. हाती उरले ३ लाख, आणि तुम्ही कागदावर दाखवणार ५! अशा वेळी रीतसर हिशेब ठेवलेला बरा, मग उत्पन्न करपात्र मर्यादेपुढे गेल्यास लेखापरीक्षणाची फी पडली तरी चालेल.

आणि सोय घ्या अगर न घ्या, रोजची वही ठेवाच: तारीख, रोग्याचं नाव, काय उपचार केले, फी किती आणि कधी मिळाली. ती केवळ कराच्या कामाची नाही. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९५ चा आहे. उद्या कुणी तक्रार घेऊन उभं राहिलं तर त्या दिवशी काय घडलं हे सांगायला केसपेपरांच्या जोडीला ही वही असेल.